दोन लाल आकडे

मे महिन्यात गावी गेले होते, भाचीच्या लग्नाला. पारनेर तालुक्यातलं आमचं गाव, दुपारची एसटी, फाट्यापासून घरापर्यंत अर्धा किलोमीटर चालत यायचं, तेवढ्यात डोकं तापून निघतं. ओसरीवर टेकले, चूळ भरली, तोच आईने नेहमीसारखी वाटी पुढे सरकवली. एका बाजूने चेमटलेली पितळी वाटी, त्यात भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा. उन्हातून आलेल्या माणसाला नुसतं पाणी द्यायचं नाही ही आमच्याकडची रीत, आणि गेली पंचवीस वर्षं मी माहेरी पोचले की पहिला घास त्याच वाटीतला असतो. या वेळी मी ती दोन बोटांनी परत सरकवली. फरशीवर घासल्याचा कर्रकन आवाज आला. "नको आई, मला साखर निघालीय." आईने वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुला बी?" एवढंच म्हणाली, वाटी उचलून फडताळावर ठेवली आणि पदराला हात पुसत आत गेली.

तुला बी?

पुढे लग्न लागलं, जेवणं झाली, वऱ्हाड गेलं, मी पुण्याला परतले, पण ते दोन शब्द काही कानातून जाईनात. त्यात काळजी होती हे खरं, पण नुसती काळजी नव्हती. स्वतःच्या ताटातलं काहीतरी चुकून लेकीच्या ताटात सांडल्यावर बाई जशी ओशाळते तसं काहीतरी होतं. आईला साखर निघून सतरा वर्षं झालीत, त्यातली सहा इन्सुलिनवर. मला वाटतं त्या क्षणी तिला वाटलं की हे आपणच दिलं पोरीला.

आता गंमत ऐका. माझ्या रिपोर्टात दोन आकडे लाल होते. एप्रिलमध्ये ऑफिसने वर्षाची तपासणी करून दिली, रात्री साडेदहाला मोबाईलवर पीडीएफ आली, मी अंथरुणात पडल्या पडल्या उघडली. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी, ६.२, लाल. त्याच्या वर दोन पानं आधी हिमोग्लोबिन ९.१, तेही लाल. पहिला आकडा बघून मी उठून बसले, नवऱ्याला हलवून जागं केलं, आणि दुसऱ्या आकड्यावरून अंगठा सरकवून पुढे गेले. कारण नऊ-साडेनऊ हिमोग्लोबिन म्हणजे आमच्यात काय बातमी आहे का? आईचं तेवढंच, मावशीचं तेवढंच, ऑफिसच्या डब्याच्या टेबलावर बसणाऱ्या निम्म्या बायकांचं तेवढंच. चढताना धाप लागली की "वय झालं" म्हणायचं, केस गळले की तेल बदलायचं. त्यात चाळिशी उलटल्यापासून माझी पाळी अशी काही अंगावर जायला लागली होती की दोन दिवस गडद रंगाचे कपडेच घालायचे. तीही बातमी नव्हती. साखर मात्र बातमी होती.

मग मी जे काही सुरू केलं ते आठवून आता हसू येतं. भात बंद. बटाटा बंद. आमरसाच्या दिवसांत घरातले तिघं वाटीला वाटी लावून पीत असताना मी समोर बसून काकडी खाणार आणि वर सगळ्यांना भाषण देणार. पीठ चाळायचं बंद केलं, उलट गिरणीवाल्याकडून वेगळा कोंडा मागून आणला आणि तो कणकेत कालवला, चपात्या अशा झाल्या की मुलगा म्हणाला, "आई, ही घशाला पॉलिश करते." सकाळी अनशापोटी भिजवलेल्या मेथ्या. दुपारी बाजरीची भाकरी, आणि भाकरी संपता संपता ऑफिसच्या कँटीनचा बिनसाखरेचा कडक चहा, कारण गोडाची तल्लफ कशाने तरी मारायलाच हवी. बिनसाखरेचा आहे ना, मग दिवसातून पाच वेळा घेतला तरी बिघडतंय कुठे.

बिघडत होतं. पण ते कळायला दीड महिना गेला.

त्या दीड महिन्यात अख्ख्या खानदानाने मला खनिजं शिकवली. वन्संनी न्यू जर्सीहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत एक बाटली पाठवली, मॅग्नेशियमची, सोबत व्हॉट्सॲपवर चार व्हॉइस नोट, "वहिनी, इथे सगळे हेच घेतात, साखरेला एकदम बेस्ट." शेजारच्या काकांनी क्रोमियमच्या गोळ्यांचं पान दाखवलं. ऑफिसातल्या एकीने गुलाबी मीठ दिलं, त्यात म्हणे चौऱ्याऐंशी खनिजं असतात. (असतीलही. पण गुलाबी रंग येतो तो मुख्यतः लोहाच्या गंजासारख्या ऑक्साइडचा, आणि बाकीची इतकी चिमूटभर की अंगी लागायची तर मिठाच्या पोत्यात शिरावं लागेल, तोवर ब्लडप्रेशरनेच माणूस जायचा. वर त्यात आयोडीन घातलेलं नसतं ते वेगळंच.) आमच्यात कुणाला ताप आला तर डॉक्टरकडे पाठवतात, साखर आली की मात्र प्रत्येकजण स्वतःच डॉक्टर होतो.

मी बाटली उघडायच्या आधी वाचायला बसले. सवयच आहे, अकाउंट्समध्ये काम करते, व्हाउचर बघितल्याशिवाय सही होत नाही. मॅग्नेशियमचं प्रकरण अगदीच हवेतलं नाही हे पहिल्यांदा कळलं. अमेरिकेत नर्सबायांचा एक फार मोठा अभ्यास वर्षानुवर्षं चालू आहे, त्यातल्या पंच्याऐंशी हजार बायका आणि दुसऱ्या तशाच अभ्यासातले बेचाळीस हजारांवर पुरुष, त्यांनी काय खाल्लं ते दर काही वर्षांनी विचारत राहिले, आणि २००४ साली जो हिशोब छापला त्यात असं निघालं की जेवणातून सगळ्यात जास्त मॅग्नेशियम जाणाऱ्यांना डायबेटीस होण्याचा धोका सगळ्यात कमी जाणाऱ्यांपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी. नंतर अशा बऱ्याच अभ्यासांची बेरीज केली तरी दिशा तीच राहिली, रोज शंभर मिलिग्रॅम जास्त तर धोका पंधराएक टक्क्यांनी कमी. कारणही पटण्यासारखं आहे. इन्सुलिन पेशीच्या दारावर येऊन कडी वाजवतं, पण आतली कडी सरकायला जी यंत्रणा लागते ती मॅग्नेशियमशिवाय नीट चालत नाही.

मी जवळजवळ झाकण उघडलंच होतं. मग पुढचं वाचलं. साखर वाढली की ती लघवीवाटे जाते आणि जाताना मॅग्नेशियम सोबत घेऊन जाते. म्हणजे डायबेटीसवाल्यांचं मॅग्नेशियम कमी दिसतं ते कमी होतं म्हणून डायबेटीस झाला, का डायबेटीस झाला म्हणून कमी झालं? थोडंफार दोन्ही असणार. आणि भरपूर मॅग्नेशियम खाणाऱ्या त्या नर्सबाई म्हणजे कोण, तर अख्खं धान्य, पालेभाजी, बदाम-दाणे खाणारी, बहुतेक चालायला जाणारी, सिगरेट न ओढणारी बाई. आकडेमोड करून हे सगळं वजा करतात, तरी पूर्ण वजा होतं का? मी ताळेबंद जुळवते, मला माहितेय की 'इतर' नावाच्या रकान्यात काय काय लपतं. गोळ्या देऊन केलेले प्रयोग छोटे आहेत, ज्यांचं मुळात कमी होतं त्यांना थोडा फायदा दिसतो, बाकीच्यांचं सांगता येत नाही. जेवणातल्या मॅग्नेशियमचं पुण्य बाटलीतल्या मॅग्नेशियमच्या नावावर जमा करता येत नाही, एवढं मला कळलं. बाटली अजून फ्रिजवर आहे. वन्संना सांगू नका.

क्रोमियमची गोष्ट त्याहून सुरस. पन्नासच्या दशकाच्या शेवटी उंदरांवरच्या प्रयोगांतून क्रोमियमचा साखरेशी काहीतरी संबंध आहे अशी कल्पना निघाली. मग १९७७ साली टोरांटोतून एका बाईची केस छापून आली. तिला तोंडाने खाताच येत नव्हतं, तीनेक वर्षं सगळं पोषण शिरेतून चालू होतं, आणि हळूहळू तिचं वजन उतरलं, हातापायांच्या नसा बिघडल्या, साखर वाढली, इन्सुलिन द्यावं लागलं. डॉ. खुर्शीद जीजीभॉय आणि त्यांच्या लोकांनी तिच्या सलाईनमध्ये क्रोमियम घातलं आणि काही आठवड्यांत इन्सुलिन बंद करता आलं. एका बाईच्या सलाईनवर पुढे जगभरच्या बाटल्या उभ्या राहिल्या. पण ती बाई अशी होती की तिच्या अन्नात क्रोमियम जवळजवळ नव्हतंच. डाळ, भाजी, पोळी खाणाऱ्या माणसाला वरून गोळी देऊन काही ठोस होतं असं आजवर धड सिद्ध झालेलं नाही, डायबेटीसच्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनाही क्रोमियम घ्याच असं सांगत नाहीत. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "घेऊन काय तोटा आहे?"

तोटा असतो, काका. सेलेनियम म्हणून एक खनिज आहे, अगदी कणभर लागतं. अमेरिकेत बाराशे लोकांवर, निम्म्यांना रोज दोनशे मायक्रोग्रॅम सेलेनियम आणि निम्म्यांना नुसती नकली गोळी, असं साडेसात वर्षांच्या वर चाललं, मुळात कॅन्सर टळतो का ते बघायला. २००७ मध्ये हिशोब मांडला तर सेलेनियमवाल्यांत डायबेटीस जास्त निघाला. जास्त! त्यातही ज्यांच्या रक्तात आधीच भरपूर होतं त्यांच्यात सगळ्यात जास्त. हे वाचलं त्या रात्री मी मल्टीव्हिटॅमिनच्या बाटलीमागची बारीक अक्षरं मोबाईलच्या टॉर्चमध्ये वाचत बसले होते, नवरा म्हणाला, "आता काय, खतं-बियाण्याचं दुकान टाकणारेस का?"

तर दीड महिन्याने, लग्न उरकून आल्यावर, एका फिजिशियन मॅडमकडे गेले. पन्नाशीच्या असतील, टेबलावर रिपोर्टांचा गठ्ठा, माझी फाईल त्यांनी मागून पुढे वाचली. उपाशीपोटी साखर ९४. जेवणानंतर १२८. मग एचबीएवनसी. मग उलट्या पानांवर मागे जात हिमोग्लोबिनवर येऊन थांबल्या आणि पेन ठेवलं. "पाळी कशी आहे?" मी म्हटलं मॅडम, मी साखरेसाठी आलेय. "तेच विचारतेय. तुमच्या दोन साखरा नॉर्मल आहेत आणि हा तिसरा आकडा वेगळंच बोलतोय, म्हणजे तिघांतला एक खोटं बोलतोय. कोण ते आधी बघू."

त्यांनी समजावलं ते असं. साखर रक्तातल्या लाल पेशींना चिकटते, पेशी साधारण एकशे वीस दिवस फिरते, तेवढ्या दिवसांत किती चिकटली त्याची सरासरी म्हणजे एचबीएवनसी. मला ते कळेना, म्हणून मी मनात चुलीवरची पातेली मांडली. रोज काही नवी कोरी पातेली चुलीवर येतात, काही जुनी मोडीत जातात, सगळ्यांवरची काजळी मिळून सरासरी काढायची. आता तांबटाकडे पत्राच नाही, नवी पातेली कमी आली, जुनीच जास्त दिवस चुलीवर राहिली, तर काजळीची सरासरी वाढणार. धूर तेवढाच असला तरी. लोह नसलं की नव्या पेशी कमी बनतात, जुन्या रेंगाळतात, आणि आकडा वर सरकतो. सगळा फरक त्यामुळेच असेल असं नाही, मॅडम म्हणाल्या, पण आत्ता हा आकडा वाचायचाच नाही. फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, करून घेतलं. ६ आलं. तळाला गेलेली विहीर.

आणि मग माझं कौतुकाचं डाएट ऐकून त्या हसल्या. अगदी खळखळून. कोंडा, बाजरी, मेथ्या, वर लगेच कडक चहा. धान्याच्या कोंड्यात फायटेट असतं, ते लोहाला, जस्ताला धरून ठेवतं, आतड्यातून आत शिरू देत नाही. चहातलं टॅनिन त्याहून वरचढ. म्हणजे साखर हाकलायच्या नादात मी उरलंसुरलं लोहही दारातून परत पाठवत होते, आणि लोह कमी झालं की साखरेचा आकडा अजून वर. स्वतःच स्वतःच्या शेपटाचा पाठलाग. कोंडा वाईट नाही, चहाही वाईट नाही, पण जेवण आणि चहात तास-दीड तास जाऊ द्या, कडधान्याला मोड आणा, ताटात लिंबू पिळा, आणि ही गोळी दिवसाआड लिंबूपाण्यासोबत. "आणि त्या पाळीसाठी सोनोग्राफी. ते आधी."

लोहाची गोळी घेतलीय कुणी? जिभेवर लहानपणी चाटलेल्या दारच्या कडीची चव येते. शी डांबरासारखी काळी. पोट दगड. पण तिसऱ्या आठवड्यात एक दिवस ऑफिसचा जिना चढून वर आले आणि लक्षात आलं की दुसऱ्या मजल्यावर थांबले नाही. गंमत म्हणजे त्याआधी वर्षभर मी तिथे थांबत होते हेच मला माहीत नव्हतं, मला वाटायचं मी तिथे खिडकीतून बाहेर बघते.

याच लोहाची दुसरी बाजूही वाचली आणि जरा गप्प झाले. ते कमी झालं तर साखरेचा रिपोर्ट फसवतो, पण जास्त झालं तर खरोखरची साखर होते. थॅलेसेमियाच्या पोरांना सारखं रक्त चढवावं लागतं, त्या रक्तातलं लोह अंगात साठतं, इन्सुलिन जिथे बनतं त्या पॅनक्रियाजमध्ये जाऊन बसतं आणि कितीतरी पोरांना ऐन उमेदीत डायबेटीस होतो. काही लोकांच्या अंगात, विशेषतः उत्तर युरोपात, जन्मतःच लोह गरजेपेक्षा जास्त शोषायची खोड असते, त्यांची कातडी तांबूस-काळपट होते आणि साखर वाढते, जुने डॉक्टर त्याला कांस्य मधुमेह म्हणायचे. आणि एरवीच्या धडधाकट माणसांतही फेरिटिन खूप वर असेल, लाल मटणातलं लोह रोजचंच असेल, तर धोका वाढलेला दिसतो. माझे मामा कित्येक वर्षं 'ताकदीसाठी' म्हणून दुकानातून लोहाचं टॉनिक आणून पीत होते, हिमोग्लोबिन पंधरा असताना. बाईचं नऊ असलं तर बातमी नाही आणि पुरुषाचं पंधरा असलं तरी टॉनिक. आमच्या घरात लोहसुद्धा चुकीच्या ताटात वाढलं जातं.

पण माझी खरी अडचण आई आहे.

बाजरी, भाकरी, पूर्वीचं खाणं, आपले पूर्वज किती शहाणे, असलं काही कुणी सुरू केलं की मला आई आठवते. बाई जन्मभर बाजरीवर जगली. लोखंडी तव्यावरची भाकरी, कारळ्याची चटणी, हुलग्याचं माडगं, पावसाळ्यात बांधावरची घोळ आणि तांदुळजा, खुरपायला जाताना पदरात शेंगा. बाहत्तरच्या दुष्काळात ती सतरा वर्षांची होती, रोजगार हमीवर खडी फोडली, मिलोची लाल भाकरी खाल्ली, त्या भाकरीचा वास अजून नाकात आहे म्हणते. वजन कधी पंचेचाळीसच्या वर गेलं नाही. पुस्तकातलं मॅग्नेशियम, झिंक, फायबर सगळं तिच्या ताटात होतं. आणि साखर तिलाच.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे एक डॉक्टर, युडकिन, यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे, २००४ सालचा. दोघंही दिसायला सडपातळ, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२. बारीक दिसणारी पण आतून चरबी बाळगणारी आपली माणसं. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बाया, मग त्यांची पोरं, अशी पिढीच्या पिढी मोजली, त्या बायांच्यात बी-ट्वेल्व्ह किती कमी असतं ते दाखवलं. बी-ट्वेल्व्हच्या रेणूच्या मधोमध पण एक धातूच बसलेला असतो, कोबाल्ट. बाजरीत ते नसतं. आमच्या माळकरी घरात दूध होतं, पण ते डेअरीला जायचं.

आणि दुसरंही खरं की 'जन्मभर बाजरी' हे मी म्हणते, आई नाही. मी एकदा बसून तिला विचारलं तर हिशोब वेगळाच निघाला. रेशनचा गहू-तांदूळ घरात आला, दादा नोकरीला लागला, गुडघे दुखायला लागले म्हणून शेतात जाणं सुटलं, तेव्हापासून सकाळी चहा-बटर, दुपारी भात, संध्याकाळी चपाती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यासोबत दिवसाला सात-आठ कप गोड चहा. बाजरीची भाकरी उरली ती थंडीत आणि भोगीला. शिवाय बाजरी तरी अशी काय जादूची आहे? हैदराबादच्या पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते बघितले तर ज्वारी, बाजरी आणि अख्ख्या गव्हाचा आटा, तिघांत मॅग्नेशियम साधारण सारखंच, शंभर ग्रॅमला सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास. घसरतं ते मैद्यात, तीसेकवर, आणि पॉलिशच्या तांदळात, वीसेकवर. म्हणजे भांडण भाकरी विरुद्ध चपातीचं नाहीच. बटर आणि टोस्टबद्दल कुणी बोलत नाही, सगळे गरीब चपातीच्या मागे.

पूर्वजांचं शहाणपण म्हणाल तर मटकीला मोड आणायची ती आईच, उसळीवर लिंबू पिळायची तीही आईच, आणि भाकरी कुस्करून चहात बुडवून खायची तीही आईच. चहा-भाकरी हा आमच्याकडचा राष्ट्रीय नाश्ता. लिंबाने आत घेतलेलं लोह चहाने बाहेर काढायचं. तिला कुठलं फायटेट माहीत होतं. चांगलं लागतं म्हणून करायची, दोन्ही.

दादा आता 'धनशक्ती' नावाचं बाजरीचं वाण पेरतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने आणि इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने मिळून काढलेलं, २०१२ पासून महाराष्ट्रात आहे, किलोला सत्तर-एकाहत्तर मिलिग्रॅम लोह, साध्या बाजरीपेक्षा बरंच जास्त, जस्तही चांगलं. जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी आणि शेव आपल्याकडच्या शाळकरी पोरांना काही महिने खाऊ घालून बघितली तर त्यांचं साठ्याचं लोह सुधारलं होतं, तेही वाचलं. दादाला त्याचं फार नाही. "कणीस भरतं लवकर, पाऊस दगा द्यायच्या आत हातात येतं," एवढाच त्याचा हिशोब, आणि तो मला जास्त पटतो. पीठ आणलं मी दोन किलो. आठ दिवसांत कडू झालं, बाजरीचं पीठ टिकत नाही हे मी पुण्यात राहून विसरले होते.

जुलैच्या शेवटी पुन्हा रक्त दिलं. हिमोग्लोबिन ११.४. एचबीएवनसी ५.८. पूर्ण सुटका नाही, रेषेच्या अजूनही किंचित वरच. मॅडम म्हणाल्या, आता हा आकडा खरा मानू, आईला आहे म्हणजे तुम्ही सावध राहायचंच, चाला, संध्याकाळचा भात अर्धा करा, सहा महिन्यांनी भेटू. २०२३ मध्ये देशाचा जो मोठा हिशोब आला त्यात डायबेटीसवाले दहा कोटींवर आणि असे उंबरठ्यावर उभे असलेले साडेतेरा कोटींच्या वर. त्यात मी एक. मला वाटतं त्या साडेतेरा कोटींतल्या किती बायांनी आपला वरचा लाल आकडा पाहिला असेल.

गौरीला गावी गेले. संध्याकाळी आई इन्सुलिन घ्यायला बसली. तिची ती पद्धत मी कितीदा बघितलीय, पण या वेळी जवळ जाऊन बसले. फ्रिजच्या दारातून, लिंबांच्या शेजारून, बाटली काढली. दुधट पांढरं औषध खाली बसलेलं असतं, ती बाटली दोन तळव्यांत आडवी धरून हळूहळू घोळवते, वाती वळाव्यात तशी. हलवायची नाही, फेस होतो. त्या बाटलीतही जस्त आहे. आपल्या पॅनक्रियाजमध्ये इन्सुलिन साठवताना सहा-सहा रेणू जस्ताभोवती गुंफून ठेवलेले असतात, आणि १९३४ मध्ये टोरांटोतच स्कॉट नावाच्या माणसाने दाखवलं की जस्त असल्याशिवाय इन्सुलिनचे स्फटिक नीट बनत नाहीत, तेव्हापासून जस्त या बाटल्यांत आलं. मी आईला सांगितलं, ह्यात जस्त असतं गं. "जस्त? बादलीचं?" हो, तेच. तिने बाटली डोळ्यांजवळ नेऊन दिव्याकडे धरली. "मंग सतरा वर्सं धान्यातलं काय केलं म्या?" म्हणाली आणि सुई टोचली. पोटाची कातडी सैल झालीय, चिमटीत बरोबर येते.

या वेळी वाटी समोर आलीच नव्हती. पोचल्यावर नुसतं पाणी मिळालं, तांब्याभर. मी दोन-तीनदा फडताळाकडे बघितलं, शेवटी विचारलं, "आई, गूळ कुठंय?" "तुला चालत न्हाय ना आता." मी म्हटलं थोडा चालतो. तिला पातेल्याचं, काजळीचं सगळं सांगायचा प्रयत्न केला, तिने ऐकून घेतलं, "म्हंजी रगत कमी व्हतं, साखर न्हवती?" मी म्हटलं थोडी आहे, पण वाटलं होतं तेवढी नाही. त्यावर तिने इतका वेळ धरलेला श्वास सोडावा तसा सोडला आणि उठली. गूळ खाल्ल्याने रक्त वाढतं हे तिचं ठाम मत आहे. दहा ग्रॅमच्या खड्यात अर्धा मिलिग्रॅमही लोह धड नसेल आणि बाकी सगळी साखरच, हे मला माहीत होतं, मी बोलले नाही.

पावसाने ढेप पाझरली होती, डब्याच्या तळाशी काकवीसारखं चिकट झालेलं. तिने बत्त्याने टोक फोडलं, नखाएवढा खडा आणि मूठभर दाणे वाटीत घातले, वाटी माझ्याकडे सरकवली आणि डबा बंद करायला पाठ वळवली. बोटांना लागलेला गूळ तिने चाटला, पहिल्यांदा अंगठा, मग तर्जनी, सावकाश, दाराकडे तोंड करून. मी शेंगदाण्याची साल काढत खाली बघत राहिले.